गटकामाच्या व्हिडिओतून काय कापू नये

शिक्षक-प्रशिक्षणात दाखवल्या जाणाऱ्या गटकामाच्या बहुतेक व्हिडिओंवर माझा एक राग आहे. मुलं बोलायला लागली रे लागली की पाठीमागचं संगीत मोठं होतं. चार डोकी एका कागदावर झुकलेली, चाकाच्या खुर्चीतल्या मुलाच्या खांद्यावर कुणाचा तरी हात, सगळे हसतायत आणि वर पियानो. मुलं एकमेकांना नेमकं काय म्हणतायत ते ऐकूच येत नाही. अहो, तेच तर ऐकायचं होतं! सहकारी अध्ययन म्हणजे मुलांमुलांत चाललेली बोलणी. तीच काढून टाकली तर उरतं ते पोस्टर.

मी शिक्षकांची प्रशिक्षणं घेते आणि समावेशक वर्गातलं गटकाम हा माझा विषय. कर्णबधिर, अल्पदृष्टी, स्वमग्न, वाचनात अडखळणारी, शाळेची भाषा नवी असलेली अशी सगळी मुलं जिथे इतरांसोबतच बसतात, तिथे एकमेकांकडून शिकणं घडवायचं कसं? हे नुसतं सांगून शिकवता येत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी सहकारी अध्ययनाचे पाच घटक मांडले: सकारात्मक परस्परावलंबन, प्रत्येकाची वैयक्तिक जबाबदारी, एकमेकांना पुढे नेणारी समोरासमोरची देवाणघेवाण, सामाजिक कौशल्यं आणि आपला गट कसा चालला याचा गटानेच घेतलेला आढावा. यादी चांगलीच आहे. शिक्षक ती वहीत उतरवतात, पेपरात लिहितात, मार्क मिळवतात. मग वर्गात जाऊन "चला, चारचारचे गट करा" म्हणतात आणि पुढे काय ते सुचत नाही. सुचणार कसं? त्यांनी ते घडताना कधी पाहिलेलंच नसतं. बहुतेकांचं स्वतःचं शिक्षण रांगेत बसून, फळ्याकडे बघत झालेलं.

म्हणून व्हिडिओ. पण कुठला?

माझ्याकडची एक क्लिप मी जवळपास प्रत्येक प्रशिक्षणात वापरते. काही मिनिटांचीच आहे. पाण्यात काय तरंगतं आणि काय बुडतं, एवढाच विषय. चौघांचा गट, मधे पाण्याचा टब, शेजारी वस्तूंचा ढीग आणि एक तक्ता. गटातली एक मुलगी तोंडाने बोलत नाही. तिच्यासमोर चित्रांचा संवादफलक आहे, त्यावर बोट ठेवून ती सांगते. प्रत्येकाकडे एकेक काम: एक मुलगा वस्तू टाकणार, दुसरा नोंद करणार, एक मुलगी वेळ आणि पाळी बघणार आणि फलकवाली मुलगी अंदाज विचारणार. तिने "तरंगेल का?" या चित्रावर बोट ठेवून सगळ्यांचा अंदाज घेतल्याशिवाय वस्तू पाण्यात जायची नाही, हा नियम.

पहिली वस्तू नीट पार पडते. दुसऱ्या वेळी वस्तू टाकणाऱ्याला धीर धरवत नाही, तो डुबुक करून टाकून मोकळा होतो. नोंद करणारा लगेच "बुडलं" लिहितो. मुलीचं बोट फलकाकडे निघालेलं असतं, ते अर्ध्यातच थांबतं आणि ती हात मांडीवर ठेवते. चित्राच्या डाव्या कडेला शिक्षिकेचा हात दिसतो. ती एक पाऊल पुढे येते आणि तिथेच उभी राहते. काही बोलत नाही. मग पाळी बघणारी मुलगी म्हणते, "अरे, तिनं अजून विचारलंच नाही."

"बुडलं ना पण! आता काय विचारायचं?"

"मग तू टाकलंसच का?"

थोडी बाचाबाची होते. शेवटी तो मुलगा वस्तू बाहेर काढतो, हात शर्टाला पुसतो आणि फलकाकडे बघतो. मुलगी बोट ठेवते ते "तरंगेल का?" वर नाही, तर "पुन्हा" वर. मुलगा कपाळावर हात मारतो. ती हसायला लागते, मग बाकीचेही.

ही क्लिप पहिल्यांदा संपादनाला दिली तेव्हा ती फारच सुरेख होऊन परत आली. पहिली वस्तू, मग एकदम शेवटची वस्तू, भरलेला तक्ता, चार हसरे चेहरे. सोबत निरोप: मधली गडबड काढून टाकली आहे. मी ती गडबड परत घालून घेतली. बाकीचं हवं तर काढा म्हटलं.

त्या शिक्षिकेचं पाऊल पडतं तिथे मी व्हिडिओ थांबवते आणि समोरच्या शिक्षकांना विचारते, "आता तुम्ही काय कराल? लिहा." बहुतेकांची उत्तरं ठरलेली. मुलाला समज देईन. मुलीचं बोट धरून योग्य चित्रावर ठेवीन. सगळ्यांना थांबवून नियम पुन्हा सांगेन. वाईट यातलं काहीच नाही, पण या प्रत्येक उत्तरात गटाचं काम शिक्षक स्वतःकडे घेतो. मग मी व्हिडिओ पुढे चालवते. तो न बोलण्याचा काळ प्रशिक्षणाच्या खोलीत भलताच लांब वाटतो, लोक चुळबूळ करायला लागतात. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात आणि हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलू लागतात. हे पूर्ण वर्गातल्या प्रश्नोत्तरांबद्दल होतं. गटात, त्यातही कुणी फलकावर बोट ठेवून बोलत असेल तर, माझ्या मते याच्याही पुढे जावं लागतं. आणि हे "थांबा" म्हणून सांगून होत नाही. थांबलेला माणूस बघावा लागतो.

दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या एका विशेष शिक्षिकेने मला यावर चांगलंच धारेवर धरलं होतं. "मॅडम, याला तुम्ही थांबणं म्हणता? मी याला मुलीला वाऱ्यावर सोडणं म्हणते." आक्षेप खरा आहे, म्हणून तेव्हापासून मी त्या क्लिपच्या आधीचा तुकडाही दाखवते. त्यात ही शिक्षिका तास सुरू होण्याआधी फलकावर नवी चित्रं चिकटवताना दिसते: "पुन्हा", "थांब", "माझी पाळी", "मला नाही पटत". मी पाहिलेल्या बहुतेक फलकांवर पाणी हवं, शौचालयाला जायचंय, दुखतंय, एवढंच असतं. म्हणजे मोठ्यांकडे काहीतरी मागायची सोय. बरोबरीच्या मुलांशी भांडायला लागणारे शब्दच नाहीत! अशा मुलीला गटात बसवायचं आणि ती सहभागी होत नाही म्हणायचं, याला काय अर्थ? तर भूमिका ठरवलेली, नियम गटाला माहीत, शब्द मुलीच्या बोटाखाली, एवढी तयारी झाली असेल तरच थांबण्याला अर्थ आहे. नाहीतर त्या बाईंचंच खरं.

गडबड ठेवायचा माझा आग्रह नुसता आवडीपोटी नाही. अमेरिकी शिक्षण-मानसशास्त्रज्ञ डेल शुंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गणितात मागे पडणाऱ्या मुलांना त्यांच्याच वयाच्या मुलांचे अपूर्णांक सोडवतानाचे व्हिडिओ दाखवले. काहींमध्ये गणित सोडवणारं मूल पहिल्यापासून सफाईने सोडवत होतं, काहींमध्ये ते आधी अडखळत, चाचरत होतं आणि हळूहळू सावरत गेलं. एकच मूल पडद्यावर दाखवायचं असेल तर सफाईवाल्यापेक्षा अडखळत सावरणारं मूल बघून मुलांचा आत्मविश्वासही जास्त वाढला आणि गणितंही जास्त आली. तो अभ्यास मुलांचा, शिक्षकांचा नव्हे. पण प्रशिक्षणाच्या खोलीत मला रोज तेच दिसतं. गुळगुळीत व्हिडिओ संपला की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "हे आमच्या वर्गात नाही चालणार." डुबुक करून टाकलेली वस्तू बघितल्यावर तोच आवाज म्हणतो, "आमच्याकडे पण एक आहे असा." तिथून पुढे बोलणं सुरू होतं.

आता दुसरी युक्ती, ही मला फार आवडते. तीच क्लिप आवाज बंद करून बघायची. प्रत्येक शिक्षकाने गटातलं एकच मूल निवडायचं आणि त्याच्या हातांवर नजर ठेवायची. वस्तूला कोण हात लावतं? पेन्सिल कुणाकडे राहते? कागद कुणाच्या बाजूला सरळ आणि कुणाला उलटा दिसतोय? कोण कुणाकडे बघून बोलतं? आवाज चालू असताना आपण बोलक्या मुलांच्या मागे जातो आणि गट छान चाललाय असं वाटतं. आवाज गेला की एखाद्या मुलाचे हात अख्ख्या क्लिपभर टेबलाच्या वर आले नाहीत, हे दिसतं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं असं: गटात कुणाचं ऐकलं जाईल हे मुलांच्या मनातली पत ठरवते. हा हुशार, तिला काही येत नाही, असे शिक्के मुलं वर्गात येतानाच घेऊन येतात. ज्याची पत जास्त तो जास्त बोलतो, जो जास्त बोलतो तो जास्त शिकतो आणि दरी वाढत जाते. म्हणजे नीट न आखलेलं गटकाम समावेशाच्या नावाखाली उलटंच काम करतं. कोहेन यांनी सुचवलेला एक उपाय म्हणजे कमी पत असलेल्या मुलाने खरोखर काही मोलाचं केलं की ते शिक्षकाने गटासमोर, नेमक्या शब्दांत, कामाशी जोडून सांगायचं.

याची माझ्याकडे एक छोटी क्लिप आहे. पुठ्ठ्याची दातेरी चाकं जोडायचं काम. वाचायला अडखळणारा एक मुलगा बराच वेळ गप्प बसून चाकं फिरवून बघतोय. तीन चाकं अशी जोडली की प्रत्येक चाक बाकीच्या दोन्हींत अडकलं, तर ती फिरणारच नाहीत, हे त्याच्या लक्षात येतं आणि तो पुटपुटतो. कुणी ऐकत नाही. शिक्षक वाकून म्हणतात, "यानं आत्ता चाकांच्या दिशा बोटानं तपासल्या. तुमच्या मांडणीत चाकं अडतायत कुठे, ते त्याला दिसलंय. जोडायच्या आधी त्याला विचारा." झालं, एवढंच. मी शिक्षकांना हे वाक्य आणि "शाब्बास, छान प्रयत्न!" शेजारी ठेवून बघायला लावते. "शाब्बास" ऐकून गटातलं कुणी त्या मुलाकडे वळणार नाही. चाकांच्या वाक्यानंतर वळतात, कारण आता त्याच्याकडे त्यांना लागणारी गोष्ट आहे. मात्र ते खरं असायला हवं. खोटं कौतुक मुलं शिक्षकांच्या आधी ओळखतात.

खांद्यावर हात ठेवण्याबद्दलही बोलायला हवं. समावेशक वर्गाच्या व्हिडिओंत दिव्यांग मूल कायम मदत घेताना दिसतं आणि दुसरं कुणीतरी कायम मदत करताना. बघणाऱ्याचे डोळे पाणावतात. मी अशी क्लिप दाखवते तेव्हा एकच प्रश्न विचारते: या तासात या मुलाने कुणाला काय दिलं? उत्तर "काही नाही" असेल तर तिथे सहकार्य नाही, सेवा चालली आहे.

धडा तुकड्यांत वाटून एकमेकांना शिकवायच्या जिगसॉ पद्धतीची मुळं इथेच, या देण्याघेण्यात आहेत. 1971 साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात वंशभेदाने वेगळ्या ठेवलेल्या शाळा एकत्र केल्या गेल्या आणि वर्गांत तणाव पेटला. तिथे मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा हवा असेल तर दुसऱ्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. त्यांनी सांगितलेला एक प्रसंग मी नेहमी सांगते. इंग्रजी ही ज्याची दुसरी भाषा होती असा एक मुलगा आपला तुकडा सांगताना अडखळत होता आणि गटातली मुलं त्याची टर उडवत होती. तिथे असलेल्या निरीक्षकाने रागावून काही सांगितलं नाही. तसं बोलायचं तर बोला, पण त्याने तुम्हाला त्याच्या वाट्याचा भाग कळणार नाही आणि थोड्याच वेळात परीक्षा आहे, एवढंच म्हटलं. हळूहळू मुलं टोमणे सोडून त्याला नीट प्रश्न विचारायला शिकली आणि त्या प्रश्नांच्या आधाराने तोही बोलू लागला. मला या गोष्टीत त्या मुलांचे प्रश्न ऐकायचे असतात. कुठला प्रश्न विचारल्यावर तो मोकळा झाला असेल? गोष्टीत ते कळत नाही. व्हिडिओत कळलं असतं.

म्हणून जिगसॉचं चित्रीकरण करताना मी कॅमेरा सांगणाऱ्यावर कमी आणि विचारणाऱ्यावर जास्त ठेवायला सांगते. आणखी एक गोष्ट बघायला लावते: विशेष गरज असलेल्या मुलाला कुठला तुकडा मिळाला? दयाबुद्धीने त्याला सगळ्यात छोटा, बिनमहत्त्वाचा तुकडा दिला तर गटाला त्याची गरजच उरत नाही. तुकडा तितकाच महत्त्वाचा हवा. तो ब्रेलमध्ये, ध्वनिमुद्रणात किंवा चित्रांत देता येतो. आणि वेगवेगळ्या गटांतली तोच तुकडा मिळालेली मुलं आधी 'तज्ज्ञ गट' म्हणून एकत्र बसतातच, तिथे तालीम होते.

इथवर शिक्षकांसाठीच्या व्हिडिओंबद्दल झालं. मुलांना दाखवायचे व्हिडिओ हे वेगळं प्रकरण, तिथे माझा नियम उलटा होतो. पाळी कशी मागायची, दुसऱ्याचं पटलं नाही तर कसं सांगायचं, हे मिनिटभराच्या क्लिपमधून दाखवलं तर अनेक स्वमग्न मुलांना तोंडी सूचनेपेक्षा ते पटकन उमगतं. पण त्यातलं एखादं मूल जे दिसेल ते जसंच्या तसं उचलतं, चुकीचंही. त्यामुळे तिथे गडबड ठेवायची नाही. योग्य वागणूक, स्वच्छ, एका वेळी एक. मानसशास्त्रज्ञ पीटर डाउरिक यांच्या स्व-प्रतिमानाच्या पद्धतीत तर मुलाचे स्वतःचेच व्हिडिओ वापरतात आणि मोठ्यांनी दिलेले इशारे, अडखळणं सगळं कापून फक्त जमलेलं तेवढं त्याला दाखवतात. वर्गातल्या इतर मुलांना मात्र चुकीचा प्रकार अभिनय करून दाखवायला जाम आवडतं. करू द्यावं, फक्त चित्रित करायचं ते शेवटचं, बरोबर केलेलं. आणि अशी क्लिप अख्ख्या वर्गाने बघायची. एकट्या स्वमग्न मुलाला बाजूला बसवून दाखवली तर दोष कुणाचा आहे, हे वर्गाला न बोलता कळतं. खरं तर पाळी हिसकावणारी बहुतेक मुलं दुसरीच असतात.

चित्रीकरणाचं थोडक्यात. कॅमेरा मुलांच्या टेबलाच्या उंचीवर ठेवा, उभ्या माणसाच्या उंचीवरून नुसते भांग दिसतात. आवाजासाठी दुसरा मोबाइल गटाच्या मधोमध. वर्गभर फिरण्यापेक्षा एकाच गटाजवळ थांबा. खाली सबटायटल्स हवीतच, कर्णबधिर प्रेक्षकासाठी तर हवीतच, पण मुलांचं पुटपुटणं ऐकू येणाऱ्यांनाही कळत नाही. आणि बोट "पुन्हा" वर ठेवलं, ही गोष्ट जो शिक्षक बघू शकत नाही त्याला ती कोण सांगणार? ध्वनिवर्णन जोडा, निदान वाचून दाखवायला एक लिखित वर्णन तयार ठेवा. परवानगी पालकांची घ्यायचीच, पण मुलालाही त्याला कळेल अशा रीतीने विचारायचं आणि त्याने नको म्हटलं तर नको. एखादं मूल अनावर झालं, रडायला लागलं तर कॅमेरा बंद. मी गडबड ठेवा म्हणते ती गटाची. एकट्या मुलाच्या हतबलतेचं प्रदर्शन त्यात येत नाही.

दुसऱ्याचे व्हिडिओ बघून झाले की शेवटी आपला स्वतःचा. 1963च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये ड्वाइट अॅलन यांनी सूक्ष्म अध्यापन सुरू केलं: छोटा पाठ घ्या, तो चित्रित करा, बघा, पुन्हा घ्या. त्यातलं "पुन्हा घ्या" हेच वेळेअभावी सगळ्यात आधी गळतं. मी ते गळू देत नाही. पहिल्यांदा स्वतःला बघताना प्रत्येक जण आपला आवाज, आपलं पोट आणि आपले केसच बघतो, तो दिवस मी त्यातच जाऊ देते. दुसऱ्यांदा मुलं दिसायला लागतात. अमेरिकी शिक्षण-संशोधक मिरियम शेरिन आणि एलिझाबेथ व्हॅन एस यांनी शिक्षकांचे गट नियमित एकत्र बसवून वर्गाचे व्हिडिओ पाहिले, तेव्हा शिक्षकांचं लक्ष असंच हळूहळू शिक्षकाच्या कृतीवरून मुलांच्या विचारांकडे सरकलं होतं.

परवाच्या तुकडीतल्या एका शिक्षिकेने आपली क्लिप बघताना मधेच विचारलं, "मी सारखी त्यांचे कागद का सरळ करतेय?" अल्पदृष्टी असलेला एक मुलगा त्या गटात होता. तो तक्ता स्वतःच्या तोंडाजवळ ओढून घ्यायचा आणि प्रत्येक वेळी ही तो परत टेबलाच्या मधोमध नेऊन ठेवायची. फेरपाठात तिने मोठ्या अक्षरांचा दुसरा तक्ता केला, तो त्या मुलापुढे ठेवला आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली. त्या मुलाने दोन्ही तक्ते आपल्याकडे ओढले, कुणाला देईना. गटात चांगलंच भांडण जुंपलं. पुढच्या तुकडीसाठी आम्ही हाच भाग ठेवला आहे.